लढाई किती फेऱ्यांची, हे आधी ठरवा

तुम्ही लिहिलंय की लातूरला चौघा मित्रांना घेऊन स्वतः रचलेला फासे टाकून खेळायचा गोष्टीचा खेळ मांडला: प्रत्येक जण एकेक नायक, आणि गोष्ट व शत्रू चालवणारे सूत्रधार तुम्ही. एका राक्षसाशी लढाई दीड तास चालली आणि शेवटी दोघं मोबाईल घेऊन बाजूला बसले. त्या दोघांना बोल लावू नका. तुम्ही दिलेल्या नियमांचा हिशेब मी रात्री वहीत मांडला, अडचण तिथं आहे.

तुमच्याकडे मारणारा एक फासा टाकतो, ४ किंवा वर हवा. मग समोरचा वार चुकवायला फासा टाकतो, त्यालाही ४ किंवा वर. म्हणजे चार वारांतला एकच अंगाला लागतो. लागला की तिसरा फासा, त्यातून चिलखताचे ३ वजा. १, २, ३ पडले तर इजा शून्य. ४, ५, ६ पडले तर १, २, ३. सरासरी निघते १. चौघांनी एकेक वार केला की अख्ख्या फेरीत राक्षसाचा दम, म्हणजे शून्य झाला की तो पडतो तो आकडा, जातो एकानं, आणि तुम्ही त्याला दिलाय २०. वीस फेऱ्या! राक्षसाची पाळी धरून शंभर पाळ्या झाल्या. कुणीही कंटाळेल.

म्हणून नियम लिहिण्याआधी लढाई किती फेऱ्यांत संपायला हवी ते ठरवा. मी तीन ते चार धरतो आणि तिथून उलटा हिशेब करतो.

फासे दोनच ठेवा, लुडोतले चालतात. वीस बाजूंच्या फाशासाठी अडून बसू नका. दोन्हींची बेरीज ७ किंवा वर आली की वार लागला. ३६ पैकी २१ वेळा असं होतं, म्हणजे साधारण ५८ टक्के. चुकवायचा वेगळा फासा काढून टाका. ढाल-चिलखताचं काम त्या ७ च्या आकड्याकडंच द्या: उघड्या अंगाला ६, ढालीला ७, ढाल आणि चिलखत दोन्ही असेल तर ८. आकडे जवळजवळ दिसतात, पण ६ ला ७२ टक्के वार लागतात आणि ८ ला जेमतेम ४२. दोन फाशांत मधल्या बेरजा फार वेळा पडतात, त्यामुळं ‘जादूची तलवार, अधिक ३’ असली बक्षिसं वाटू नका. अधिक १ सुद्धा खूप झालं.

इजेसाठी एक फासा, वजाबाकी नाही. सरासरी साडेतीन, आणि ढालीवाल्या शत्रूला ५८ टक्के वार लागतात, म्हणजे पाळीमागे साधारण २. चौघांचे मिळून ८. राक्षसाचा दम २४ ठेवला की तीन फेऱ्यांत तो पडतो. नायकाला दम १२. पण राक्षसाला फेरीत दोन वार द्या. चौघांच्या चार वारांपुढं त्याचा एकच वार असेल तर तो नुसता मार खातो, आणि खेळाडूंना भीतीच वाटत नाही.

हत्यारांचा चौदा ओळींचा तक्ता मीही पूर्वी केला होता, दर वाराला पान उलटावं लागायचं. आता सगळ्या हत्यारांना तोच एक फासा आणि प्रत्येकाला एक गुण. भालेवाला पहिल्या फेरीत आधी मारतो. दांडपट्टेवाला इजा दोन शत्रूंत वाटू शकतो. गोफणवाला लांबून मारतो, पण शत्रू अंगाशी आला की त्याचं काही चालत नाही. ज्यानं हुरड्याच्या दिवसांत माळ्यावरून पाखरं हाकलली आहेत त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. आमच्यातला एक मुलगा फडाच्या कडेला उभं राहून धोंडा कसा सुटतो ते हात फिरवून दाखवायचा, आणि दर वेळी गोफणवालाच व्हायचा.

खरी गंमत जागेत आहे. एकदा सगळ्यांना देवगिरी किल्ल्याच्या अंधारीतून, म्हणजे तिथल्या अंधाऱ्या भुयारी वाटेतून, नेऊन आणा. खंदक ओलांडून आत शिरलं की वळणं, अंधार आणि मध्येच पायऱ्या. शेजारच्याचा हात धरावासा वाटतो. आम्ही घरी येऊन तिचाच नियम केला: बोळात पुढं एकच जण लढणार, मशाल विझली की ७ चा ९ होणार. ९ म्हणजे ३६ पैकी फक्त १० वेळा. त्या रात्री मशाल धरणारी मुलगी लढलीच नाही, तिनं दोन्ही हातांनी मशाल सांभाळली आणि सगळे तिच्याकडंच बघत होते.

आणखी एक नियम जरूर घाला, शत्रू पळण्याचा. टोळीतले निम्मे पडले की दोन फासे टाका, ८ किंवा वर आले तर उरलेले पळतात. डंजन्स अँड ड्रॅगन्स या अशाच प्रसिद्ध इंग्रजी खेळाच्या १९८१ च्या बेसिक संचातही शत्रूचं धैर्य दोन फाशांनीच तपासायचे. यानं शेवटच्या रटाळ फेऱ्या वाचतात, आणि पळालेला एखादा पुढच्या रविवारी माणसं घेऊन परत येऊ शकतो.

दम शून्य झाला म्हणजे मेला असं करू नका. तीन फेऱ्यांत सोबत्यानं उचललं तर तो वाचतो, फक्त त्या लढाईत परत उभा राहत नाही. त्याला मात्र तसंच बसवून ठेवू नका. राक्षसाचे फासे त्याच्या हातात द्या.

मित्रांना बोलावण्याआधी एकट्यानं दहा लढाया खेळा. फेऱ्या किती झाल्या आणि कोण पडलं, एवढंच लिहून ठेवा. पाचच्या वर फेऱ्या जात असतील तर राक्षसाचा दम चारानं कमी करा, बाकी कशाला हात लावू नका. ते दहा आकडे इथं टाकलेत तर पुढचं आपण मिळून बघू.