लोन एका फटक्यात फेडून राजीनामा द्यायचा का? आधी इंजेक्शनचा असर तर उतरू द्या

नमस्कार,

तुमचा मेल दोनदा वाचला. पैशाचा प्रश्न आहे पण सुरुवात तुम्ही पीएसएच्या (प्रोस्टेटच्या कॅन्सरवर लक्ष ठेवायची रक्ततपासणी) आकड्याने केलीय, "०.०२ च्या खाली आलाय, म्हणजे जे करायचं ते आत्ताच करून टाकू." माझा सगळा आक्षेप त्या 'आत्ताच' वर आहे, बाकी तुमचा हिशोब चोख आहे.

बाकीच्यांना कळावं म्हणून थोडक्यात सांगतो. वय ५६, प्रोस्टेटचा कॅन्सर, ग्लीसन (पेशी किती आक्रमक दिसतात त्याचे गुण, १० सगळ्यात वाईट) ४+५ म्हणजे ९, ऑपरेशन झालं, नंतर पीएसए परत हलायला लागला म्हणून रेडिएशन आणि त्याच्यासोबत दोन वर्षं हार्मोन दाबणारी इंजेक्शनं. शेवटचं इंजेक्शन, तीन महिने पुरणारं, चार महिन्यांपूर्वी झालं. घराच्या लोनची ८ वर्षं बाकी आहेत. साठवलेल्या पैशातून ते अख्खं लोन बंद करायचं, मग हप्ताच नाही तर नोकरी कशाला म्हणून राजीनामा द्यायचा आणि "जे काही दिवस आहेत ते घरी" घालवायचे असा यांचा बेत आहे. एवढं केल्यावर हातात साधारण ५ महिन्यांचा घरखर्च उरतो. वहिनी अर्धवेळ नोकरी करतात आणि त्यांचं म्हणणं आहे थांबा.

मी वहिनींच्या बाजूने आहे. त्यांना भीती वाटतेय म्हणून नाही, माझी कारणं वेगळी आहेत.

पहिलं कारण तुमच्या लोनच्या फाइलमध्ये असू शकतं. लोन घेताना त्याच्यासोबत विमा घेतला होता का? बऱ्याच जणांना हे आठवतही नाही, सह्या करायच्या ढिगाऱ्यात एक कागद तोही असतो आणि प्रीमियम लोनमध्येच मिसळून टाकलेला असतो. तो विमा आजाराच्या आधीचा असेल आणि चालू असेल तर तुमचं काही बरंवाईट झालं तर उरलेलं लोन विमा कंपनी कव्हरच्या रकमेपर्यंत फेडणार, कव्हर पुरेसं असेल तर वहिनींवर एक पैसाही येणार नाही, आणि तुम्ही मात्र ज्या कारणासाठी लोन फेडायला निघालाय ते कारण नेमकं हेच, "तिच्या डोक्यावर कर्ज नको." म्हणजे ज्या गोष्टीची सोय आधीच झालीय तिच्यासाठी सगळी बचत ओतायची, आणि वर ते कव्हरही संपण्याचा धोका पत्करायचा. ग्लीसन ९ नंतर नवीन विमा मागायला गेलात तर काय उत्तर मिळतं ते तुम्हाला सांगायला नको. तुमच्याकडे आज जो काही जुना विमा आहे तो सोन्यासारखा आहे, कारण तो परत विकत मिळत नाही.

नोकरीचंही तेच. पगार सोडा बाजूला, ऑफिसकडून आरोग्य विमा आणि जीवन विमा आहे का, राजीनाम्यानंतर तो किती दिवस चालतो, स्वतःच्या पैशाने पुढे चालू ठेवता येतो का, भरपगारी आजारपणाची रजा किती उरलीय, कामाचे तास कमी करून घेता येतात का, हे सगळं एचआरला लेखी विचारा. तोंडी नको. राजीनामा देऊन मग विचारलं तर सगळी उत्तरं भूतकाळात मिळतात.

आता दुसरं कारण, त्या ०.०२ कडे येतो. मी डॉक्टर नाही, पण अशा आजाराच्या घरांचे हिशोब सांभाळताना एवढं शिकलोय की इंजेक्शन चालू असतानाचा पीएसए आणि इंजेक्शन उतरल्यावरचा पीएसए हे दोन वेगळे साक्षीदार आहेत. इंजेक्शन टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन खाली दाबून ठेवतं, आणि ते दबलेलं असलं की पीएसएही गप्प बसतो, कॅन्सर गेलाय म्हणूनही गप्प आणि झोपलाय म्हणूनही गप्प. दोन वर्षांच्या कोर्सनंतर टेस्टोस्टेरॉन वर यायला काही महिने लागतात, काहींना वर्षाच्या वरही लागतं, काहींचं पूर्ण येतच नाही. तुमच्या औषधाचा शेवटचा डोस संपून जेमतेम एक महिना होतोय. म्हणजे आजचा आकडा चांगला आहे, आनंद करा, पण तो अजून बोलायला लागलेला नाही. पुढच्या वेळी पीएसएसोबत टेस्टोस्टेरॉनही तपासायचं का हे डॉक्टरांना विचारा, दोन्ही शेजारी ठेवले की अर्थ लागतो.

आणि थकवा. तुम्ही लिहिलंय, "दुपारी तीननंतर मेंदू बंद पडतो, आता नोकरी होत नाही." हे मी खोटं म्हणत नाही. पण अंगातला जोर जाणं, रात्रीचं ते घामाने जागं होणं, मन उतरणं, हे त्या इंजेक्शनचे नेहमीचे उपद्व्याप आहेत आणि तुमच्या वयाला त्यातलं बरंच मागे सरकायची शक्यता चांगली असते. औषधाने आलेल्या थकव्यात कायमचा राजीनामा लिहू नका. सहा महिने कमी तास मागा, रजा वापरा, घरून काम मागा. सहा महिन्यांनीही तीन वाजता मेंदू बंद पडत असेल तर मग बोलू, तेव्हा मी अडवणार नाही.

तिसरं कारण जरा नाजूक आहे. "जे काही दिवस" म्हणताना तुम्ही मनात एक आकडा धरलाय असं वाटलं. १९९९ मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या डॉक्टरांनी ऑपरेशननंतर पीएसए परत वाढलेल्या पेशंट्सचा अभ्यास छापला होता, पीएसए वाढल्यापासून लांबवर पसरलेला आजार दिसेपर्यंत मधला काळ साधारण ८ वर्षं आणि तिथून पुढे मृत्यूपर्यंत आणखी ५. ग्लीसन ८ ते १० वाल्यांचा काळ यापेक्षा कमी, हे मी लपवत नाही. पण तेव्हा आजच्या गोळ्या नव्हत्या, आजचे स्कॅन नव्हते. सांगायचा मुद्दा हा की पीएसए उद्या हलला तरी ते दार बंद होणं नसतं, तो एक लांब रस्ता असतो, आणि लांब रस्त्याला पैसे लागतात. पीएसएमए पेट स्कॅन (प्रोस्टेटचा कॅन्सर अंगात कुठे आहे ते शोधणारा) लागेल, कदाचित एकापेक्षा जास्त वेळा. परत इंजेक्शनं, हाडांची डेक्सा तपासणी, अ‍ॅबिराटेरॉन किंवा एन्झाल्युटामाइडसारखी रोजची गोळी, जी काही वेळा वर्षानुवर्षं चालते. हा असा हप्ता आहे ज्याची शेवटची तारीख कुठेच छापलेली नसते. आणि पीएसए नाहीच हलला तर? तर तुम्ही ८० चे व्हाल आणि ५६ ला पगार सोडल्यानंतरची २४ वर्षं काढायची उरतील, वहिनी तर तुमच्यापेक्षा लहान. तुमच्या बेतात लवकर गेलात तर सगळं जमतं. जगलात तर मात्र गाडी अडते!

माझ्याकडच्या एका गृहस्थांनी असंच केलं होतं. लोन बंद केलं, कागद घरी आले, पेढे वाटल्यासारखा फोन केला मला. तिसऱ्या वर्षी पीएसए वाढला, पैसा सगळा भिंतींमध्ये, आणि पगाराची स्लिप नाही म्हणून त्याच घरावर परत कर्ज मिळेना. शेवटी घर विकलं, घाईत, म्हणजे स्वस्तात. तेव्हापासून मी अशा घरात आधी रोख पैसा बघतो, मग व्याज.

व्याज वाचतं हे खरंच आहे हो, एरवी मी स्वतः लोकांच्या मागे लागतो लोन फेडा म्हणून. म्हणून मधला रस्ता सांगतो. दोन वर्षांचा घरखर्च आणि वर विम्यात न बसणारा उपचाराचा एक वर्षाचा अंदाजे खर्च (डॉक्टरांच्या ऑफिसमधून अंदाज घ्या, जेनेरिक गोळी मिळते का तेही विचारा) एवढा पैसा हात घालता येईल असा बाजूला ठेवा, संयुक्त खात्यात, शेअर बाजारात नाही. त्यानंतर काही उरलं आणि लोनवर विमा नाही असं निघालं, तर उरलेल्यातला अर्धा लोनमध्ये भरा. आणि भरताना बँकेला मुदत कमी करायला सांगू नका, हप्ता कमी करायला सांगा. इतरांना मी बरोबर उलटं सांगतो कारण मुदत कमी केली की व्याज जास्त वाचतं, पण तुम्हाला आज वाचलेल्या व्याजापेक्षा हलका हप्ता जास्त कामाचा, एका पगारात किंवा वहिनींच्या अर्ध्या पगारातही तो निघायला हवा.

बाकी मोठा निर्णय टेस्टोस्टेरॉन परत आल्यानंतरचे तीन-चार रिपोर्ट हातात येईपर्यंत ठेवा. दर तीन महिन्यांनी तपासणी धरली तर टेस्टोस्टेरॉन परत आल्यापासून साधारण नऊ महिने ते वर्ष. तेव्हाही एका आकड्यावर उडी नको, ०.०४ आला म्हणून लगेच काही होत नाही, त्याच लॅबमध्ये परत बघतात, आणि किती वेगाने दुप्पट होतोय ते बघतात. ऑपरेशननंतर आजार परतला असं म्हणायलासुद्धा ०.२ आणि तोही दुसऱ्या टेस्टने पक्का झालेला लागतो.

एक नियम मात्र आजपासून. रिपोर्टच्या आठवड्यात पैशाचा कुठलाही निर्णय नाही, आकडा चांगला आला तरी नाही. तुमच्यासारखे एक जण दर तीन महिन्यांनी रिपोर्ट हातात धरून गाडीतूनच मला फोन करायचे, चांगला आला की "फिरायला जाऊ, फंड मोडा", जरासा वर गेला की "सगळं बायकोच्या नावावर करा". आता त्यांचा फोन मी त्या आठवड्यात उचलत नाही, त्यांनाही माहितीय. मृत्युपत्र आणि नॉमिनी मात्र याच महिन्यात बघून घ्या, त्याला कुठल्याच रिपोर्टची वाट बघायला नको.

आणि सुट्टी हवी असेल तर घ्या की, महिनाभर घ्या, त्यासाठी राजीनामा कशाला लागतो. लोनच्या फाइलमधला तो विम्याचा कागद सापडला तर त्यावर कव्हरची रक्कम दरवर्षी कमी होत जाते की स्थिर आहे तेवढं बघून कळवा, अर्धं उत्तर त्यावर बदलेल.