शाळेला कळले ती तारीख

एका आईचे पत्र आहे. मुलगी नऊ वर्षांची. पीटीचे सर खेळाचे साहित्य ठेवायच्या खोलीत तिला एकटीला थांबवून घेत आणि नको तिथे हात लावत. मुलीने घरी सांगितल्यावर आईने गेल्या वर्षी 3 सप्टेंबरला मुख्याध्यापकांकडे लेखी अर्ज दिला. शाळेने ‘विशाखा समिती’ बसवली, दोन आठवड्यांनी सरांचा राजीनामा घेतला आणि ‘आमचे समाधान झाले असून काही तक्रार उरलेली नाही’ अशा कागदावर आईची सही घेतली. पोलिसांना आम्ही कळवले आहे, असेही तोंडी सांगितले. यंदा जूनमध्ये आईला समजले की सर दुसऱ्या एका शाळेत रुजू झाले आहेत आणि पोलीस ठाण्यात या प्रकाराची नोंदच नाही. आता जुलै संपत आला आहे. आईचे तीन प्रश्न आहेत: फार उशीर झाला का, त्या सहीमुळे मी अडकले का, आणि मुख्याध्यापकांना कोणी जाब विचारणार की नाही?

(नाव, गाव, शाळा, इयत्ता सगळे मी काढून टाकले आहे. मुलाची ओळख पटेल असे काहीही प्रसिद्ध करायला, मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायद्याच्या कलम 23 ने मनाई आहे.)

ताई, पहिल्या दोन प्रश्नांवर मी फार वेळ घालवत नाही. सरांनी जे केले त्याला मुदतीची आडकाठी नाही. शाळेच्या कर्मचाऱ्याने केलेला, त्यातही बारा वर्षांखालील मुलीवरचा लैंगिक हल्ला पॉक्सोच्या कलम 9 मध्ये बसतो. कलम 10 प्रमाणे त्याला पाच ते सात वर्षांची शिक्षा आहे आणि तीन वर्षांहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांना मुदतीचा कायदा लागत नाही. तुमच्या सहीनेही काही मिटलेले नाही, कारण हा गुन्हा आपसात मिटवायचा अधिकार तुम्हाला नाही, शाळेलाही नाही. समितीतल्या बाईंनी ‘कपड्यांवरून तर होते’ असे म्हटल्याचे तुम्ही लिहिता. तो वाद सर्वोच्च न्यायालयाने 18 नोव्हेंबर 2021 रोजीच संपवला आहे. स्पर्श कपड्यांवरून होता म्हणून गुन्हा गळत नाही.

घाई आहे ती तिसऱ्या प्रश्नाची, आणि तो तुम्ही पत्राच्या तळाशी एका ओळीत विचारला आहे.

पॉक्सोचे कलम 19 सांगते की मुलावर असा गुन्हा झाल्याचे ज्याला कळले, त्याने पोलिसांना कळवलेच पाहिजे. आधी चौकशी करा, खात्री करून घ्या, संस्थेच्या सभेपुढे ठेवा, असे त्यात कुठेही नाही. कलम 21 सांगते की कळवले नाही तर सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. आणि संस्थेचा प्रमुख हाताखालच्या माणसाबद्दल गप्प राहिला तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. आता हे ‘एक वर्ष’ नीट वाचा. ज्या गुन्ह्याला जास्तीत जास्त एक वर्षाची कैद आहे, त्याची न्यायालयाने दखल घेण्याची मुदतही एकच वर्ष आहे. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 468 मध्ये होते, 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 514 मध्ये आहे. म्हणजे सरांवरचा गुन्हा पाच वर्षांनीही उभा राहील, पण मुख्याध्यापकांचा गप्प बसण्याचा गुन्हा वर्षभरात हातातून जाऊ शकतो. अर्ज 3 सप्टेंबरचा. तुमच्याकडे पाच आठवडे उरले आहेत.

मुदत गेल्यावरही वाटा आहेत, नाही असे नाही. मुख्याध्यापकांवर सरांसोबत एकाच खटल्यात आरोप ठेवता आला, तर मुदत मोठ्या गुन्ह्याच्या शिक्षेवरून मोजतात. न कळवणे हा रोज चालू राहणारा गुन्हा आहे, असाही युक्तिवाद होतो. शाळेने खोटे सांगितल्यामुळे न कळवल्याचे तुम्हाला जूनमध्येच समजले, म्हणून मुदत तिथून मोजा, असे म्हणता येईल. न्यायाच्या हितासाठी उशीर माफ करण्याचा अधिकारही न्यायालयाला आहे. यातला कोणता मुद्दा तुमच्या न्यायाधीशांना पटेल हे मी आज सांगू शकत नाही. पाच आठवडे हातात असताना त्या वाटांना जायचेच कशाला? मुदत मोजताना फिर्याद नोंदवल्याची किंवा न्यायालयात तक्रार दाखल केल्याची तारीख धरतात. न्यायालय दखल कधी घेते यावर ते नाही, एवढा दिलासा कलम 514 च्या स्पष्टीकरणात आहे.

म्हणून फिर्याद 2 सप्टेंबरच्या आत. खरे तर याच आठवड्यात. आणि फिर्यादीत काय लिहिले जाते तिकडे डोळ्यांत तेल घालून बघा. ठाण्यात बहुतेक वेळा सरांचे नाव येते, त्यांनी काय केले ते येते आणि फिर्याद तिथेच संपते. शाळेचा उल्लेख ‘घटनास्थळ’ म्हणून तेवढा येतो. तुमच्या फिर्यादीत हे वाक्य आलेच पाहिजे: ‘दि. 3 सप्टेंबर रोजी मी मुख्याध्यापकांना लेखी अर्ज देऊन हा प्रकार कळवला, त्यांनी तो वाचला, आणि तरीही पोलिसांना कळवले नाही.’ कलम 21 चे पोटकलम 2 लावा, असे स्पष्ट सांगा. फिर्यादीची प्रत मोफत मिळते. ती ठाण्यातच वाचा, हे वाक्य नसेल तर सही करू नका. नोंदवून घ्यायलाच नकार दिला, तर न नोंदवणारा अधिकारीही त्याच कलम 21 खाली येतो हे शांतपणे ऐकवा आणि पोलीस अधीक्षकांना लेखी पाठवा.

आता अर्जाची पोच. तुम्ही लिहिता की शिक्का मारलेली प्रत ‘फाइलला लावायची आहे’ म्हणून शाळेने परत मागितली आणि तुम्ही देऊन टाकलीत. ताई, का दिलीत? तुमच्या हातात असलेला तो एकच कागद होता ज्यावर शाळेला कळल्याची तारीख होती. एका खटल्यात माझ्या अशिलाने तोंडीच सांगितले होते. मुख्याध्यापिका साक्षीला उभ्या राहिल्या आणि ‘माझ्यापर्यंत काही आलेच नाही’ एवढे बोलून खाली उतरल्या. मुलीचा बाप बाकावर बसून नुसता माझ्याकडे बघत राहिला. माझ्या फाइलमध्ये त्यांना दाखवायला कागद नव्हता.

तुमच्याकडे निदान मोबाइलमधला फोटो आहे. तुम्ही पाठवलेला मी मोठा करून पाहिला. गोल शिक्का आहे, आवक क्रमांक दिसतो, खाली लेखनिकाची आखूड सही आहे, पण तारखेतला महिना शाईत फुटला आहे. तो फोटो मूळ मोबाइलमध्ये आहे तसाच ठेवा. मोबाइल विकू नका, दुरुस्तीला देऊन साफ करू नका. पुढे भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खालचे प्रमाणपत्र जोडून तो दाखल करावा लागेल. आणि शाळेची आवक नोंदवही जप्त करावी, अशी विनंती फिर्यादीतच करा. त्या क्रमांकासमोर महिना स्वच्छ लिहिलेला असणार. माहिती अधिकारात आधी अर्ज टाकू का, असे तुम्ही विचारता, आत्ता नको. वही जागेवर असताना पोलीस तिथे पोचले पाहिजेत.

शाळा म्हणेल, आम्ही समिती नेमून चौकशी केली. विशाखा समिती कामाच्या ठिकाणी स्त्रियांच्या छळासाठी आहे. नऊ वर्षांच्या विद्यार्थिनीचा गुन्हा तिच्यापुढे ठेवणे हे पोलिसांना कळवणे होत नाही. राजुऱ्याच्या वसतिगृहातल्या आदिवासी मुलींच्या प्रकरणात न कळवल्याचा आरोप एका डॉक्टरांवर होता. उच्च न्यायालयाने तो रद्द केला. सर्वोच्च न्यायालयाने 2 नोव्हेंबर 2022 रोजी तो पुन्हा उभा केला आणि कळूनही न कळवणे हा गंभीर गुन्हा आहे, गुन्हेगाराला पाठीशी घालण्याचाच तो बहुधा प्रयत्न असतो, असे म्हटले. बदलापूरच्या शाळेतल्या मुलींवरील अत्याचारानंतर, 2024 मध्ये, मुख्याध्यापिका आणि संस्थाचालकांवर कलम 21 लागले, पण त्यासाठी लोकांना रेल्वे रुळांवर बसावे लागले. लहान गावातल्या एकट्या आईच्या फिर्यादीत हे कलम आपणहून कोणी घालत नाही.

मी याच कलमाला एवढा चिकटून बसलो आहे त्याचे कारण ती दुसरी शाळा आहे. तिने सरांना ठेवताना चारित्र्य पडताळणी मागितली असेलही. 2020 च्या पॉक्सो नियमांनुसार ती करायलाच हवी. पण पडताळणीत सापडणार काय? पोलिसांकडे कोरी पाटी, कारण तुमच्या मुख्याध्यापकांनी ती कोरी ठेवली. राजीनाम्यावर ‘वैयक्तिक कारण’ आणि हातात अनुभवाचा दाखला. तिथेही खेळाचे साहित्य ठेवायची एक खोली असणार. फिर्यादीत सरांच्या सध्याच्या नोकरीचा पत्ता द्या आणि बालकल्याण समितीलाही वेगळे लिहा.

‘मीही अकरा महिने गप्प होते, मलाच आरोपी करतील का’ ही तुमची भीती समजते. कलमाच्या शब्दांत सूट फक्त मुलाला आहे, त्यामुळे तसे होणारच नाही अशी हमी मी देणार नाही. पण तुम्ही लेखी अर्ज दिला होता आणि पोलिसांना कळवल्याचे तुम्हाला सांगितले गेले होते, हे फिर्यादीत आले की तुमची बाजू बरीच भक्कम होते. आणखी थांबल्याने मात्र ती रोज कमकुवत होईल.

खटला लवकर संपेल अशी आशा मी दाखवत नाही. पॉक्सोचे कलम 35 म्हणते, मुलाची साक्ष दखल घेतल्यापासून 30 दिवसांत आणि खटला शक्यतो एका वर्षात. नऊ वर्षांची मुलगी साक्षीला येते तेव्हा अनेकदा दहावीला पोचलेली असते, आणि जे विसरायला सांगितले तेच आठव म्हणून तिला सांगावे लागते. याचा मला संताप येतो. म्हणूनच तिचा जबाब आत्ताच, ताजा आणि तिच्या शब्दांत नोंदला जाऊ दे. त्यासाठी तिला ठाण्यात नेऊ नका. कलम 24 प्रमाणे जबाब घरी घेता येतो, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, आणि गणवेश न घालता. तुम्ही शेजारी बसू शकता. घरी तिला पुन्हा पुन्हा विचारून वाक्ये पाठ करून घेऊ नका, उलटतपासणीत ती पाठ केलेली वाक्येच तिच्यावर उलटतील.

जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील विनामूल्य मिळतो. पहिल्या भेटीला मोबाइल, राजीनाम्याबद्दल शाळेने पाठवलेले संदेश आणि त्या समाधानपत्राची प्रत घेऊन जा. त्या कागदावर मुख्याध्यापकांची सही आणि सप्टेंबरची तारीख असेल, तर शाळेला तेव्हा सगळे माहीत होते हे त्यांनीच लिहून दिले आहे.