पोलीस ठाणं नगरपरिषदेच्या हाताखाली नाही, मग विचारायचं कसं?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. पहिल्यांदाच निवडून आलात, प्रभागात दोन महिन्यांपासून चोऱ्या वाढल्यात, लोक ठाण्यात गेले की "अर्ज देऊन जा" एवढं ऐकून माघारी येतात. पोलीस निरीक्षकांनी दर महिन्याला नगरपरिषदेपुढे अहवाल ठेवावा असा ठराव तुम्ही सभेत केला, तर साहेबांनी कळवलं की नगरपरिषदेला तो अधिकारच नाही. आता नागरिकांची समिती करून ठाण्यावर देखरेख ठेवता येईल का, असं तुम्ही विचारताय.

मी आपल्याच सोलापूर जिल्ह्यातल्या एका छोट्या नगरपरिषदेत विद्युत विभागात होतो. नोकरीतली शेवटची काही वर्षं आणि निवृत्तीनंतरची काही, अशी मिळून अकरा वर्षं शांतता समितीत बसलो. त्या अनुभवावरून लिहितो.

साहेब कायद्याने बरोबर आहेत, हे आधी मान्य करा. पोलीस हा राज्य सरकारचा विषय. निरीक्षक उत्तर देतात उपविभागीय पोलीस अधिकाऱ्यांना, ते सोलापूर ग्रामीणच्या अधीक्षकांना, आणि त्यांच्यावर कोल्हापूर परिक्षेत्र. सोलापूर शहराचं आयुक्तालय पूर्ण वेगळं आहे, त्यामुळे शहरातल्या ओळखीच्या अधिकाऱ्याकडून फोन लावून काही साधत नाही, उलट ठाण्यातली माणसं दुखावतात. ठराव म्हणजे आदेश नव्हे. 'अहवाल ठेवावा' हे शब्द काढा आणि 'माहिती मिळावी ही विनंती' असं लिहून पत्र पाठवा. एवढ्याने निम्मा ताण कमी होतो.

आपल्यासारख्या गावांची खरी अडचण वेगळी आहे. आजूबाजूच्या खेड्यांत पोलीस पाटील असतो, १९६७ च्या ग्रामपोलीस कायद्याने नेमलेला. भांडण झालं, अनोळखी माणूस दिसला, शेतातली मोटार गेली, तर ठाण्याला पहिला फोन त्याचा. खेड्यांत तंटामुक्ती समितीही आहे. १५ ऑगस्ट २००७ ला आर. आर. पाटील गृहमंत्री असताना ती मोहीम सुरू झाली. मोठ्या शहरात आयुक्तालय, चौक्या, मोहल्ला समित्या. आमच्या गावात शहरहद्दीत ना पोलीस पाटील, ना तंटामुक्ती. लोक आणि ठाणं यांच्या मधे नेमका माणूस नव्हता. शांतता समिती होती, पण ती गणपती, मोहरम आणि जयंतीच्या आधी चहापुरती बसायची. कोण बोललं, काय ठरलं, याचा कागद नसायचा. यादी ठाण्यातच बनायची आणि त्याच त्या व्यापारी, पुढारी मंडळींची नावं वर्षानुवर्षं चालायची. अशी समिती काय देखरेख करणार?

आमच्याकडे गाडं कशानं हललं ते सविस्तर सांगतो, कारण तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर तिथं आहे.

एका हिवाळ्यात बाजारपेठेमागच्या कॉलनीत पाठोपाठ पाच घरफोड्या झाल्या. बैठकीत सगळे ठाण्यावर तुटून पडले. गस्त कुठाय, गाडी कधी फिरते, वगैरे. साहेब म्हणाले गस्त चालू आहे. विषय तिथंच अडकला. बैठक संपल्यावर आमचे बीटचे हवालदार माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "तुमच्याकडं खांबांचं रजिस्टर असतंय न्हवं? उद्या घेऊन या."

दुसऱ्या दिवशी एसटी स्टँडसमोरच्या हॉटेलात आम्ही दोघं बसलो. प्रत्येक खांबावर पिवळ्या रंगात नंबर टाकलेले असायचे, आणि माझ्या रजिस्टरात खांबाचा नंबर, दिवा बंद झाल्याची तारीख, चालू झाल्याची तारीख असे रकाने. हवालदारांनी वहीच्या मागच्या पानावर घरफोड्यांची ठिकाणं लिहून आणली होती. एकेक जुळवत गेलो. पाचपैकी चार घरांच्या जवळचे खांब पंधरा दिवसांहून जास्त बंद होते. 'चालू झाल्याची तारीख' हा रकाना मोकळाच. दिवे बदलणाऱ्या ठेकेदाराचं बिल नगरपरिषदेत अडकलं होतं, म्हणून त्याने काम थांबवलं होतं. रस्त्यावर दिवाबत्ती ठेवणं हे १९६५ च्या नगरपरिषद कायद्याने आमच्यावर टाकलेलं बंधनकारक काम आहे. ज्या गोष्टीवरून आम्ही ठाण्याला झोडपत होतो, तिच्यात आमचा वाटा होता. मला त्या दिवशी मनापासून वाईट वाटलं, कारण ते रजिस्टर माझ्याच हस्ताक्षरातलं होतं.

तेव्हापासून दर सोमवारी मी बंद खांबांची यादी ठाण्यात द्यायला लागलो, पोच घेऊन. गस्तीवरचे लोक रात्री जे दिवे बंद दिसले त्यांचे नंबर आम्हाला द्यायला लागले. दोन-तीन महिन्यांनी मुख्याधिकाऱ्यांच्या सहीने पत्र गेलं की आम्ही आमच्या कामाची माहिती देतोय, तुमच्याकडूनही प्रभागनिहाय आकडे मिळावेत. ते मिळाले. कुठल्याही ठरावाशिवाय.

म्हणून ताई, पुढच्या बैठकीला जाताना प्रश्नांच्या आधी आपलं प्रगतिपुस्तक न्या. किती दिवे बंद, किती कॅमेरे चालू, अतिक्रमणं कुठली काढली, मांडवाचे परवाने कुणाला कुठल्या अटींवर दिले. डीजेवरून पोलिसांना बोल लावायचे आणि रस्ता अडवणाऱ्या मांडवाला परवाना आपणच द्यायचा, असं चालत नाही. आधी आपलं ताटात वाढा, मग त्यांच्याकडचं मागा. ज्याला हुकूम करता येत नाही त्याच्याकडून हिशेब मिळवायची ही एकच वाट मला सापडली.

आता आकड्यांबद्दल. नुसते 'गुन्हे किती दाखल' एवढंच विचारलंत तर फसाल. चार आकडे एकत्र मागा: दाखल गुन्हे, अदखलपात्र नोंदी (ज्यांचा तपास न्यायालयाच्या आदेशाशिवाय पोलिसांना करता येत नाही), नुसते अर्ज, आणि गहाळ मालाच्या नोंदी. बाजारच्या दिवशी गर्दीत बाईचा मोबाईल चोरीला जातो, आणि ठाण्यातून बाहेर येताना तिच्या हातात 'मोबाईल गहाळ' असा कागद असतो. तिला वाटतं तक्रार झाली. पण गहाळ म्हणजे हरवला. चोरी कुठं लिहिलीच गेली नाही. आमच्याकडे एका महिन्यात गुन्ह्यांचा आकडा खाली आला म्हणून बैठकीत टाळ्या वाजल्या, आणि गहाळचा आकडा मागितला तेव्हा तो वर गेलेला निघाला. १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या फौजदारी कायद्यांत पाच हजारांच्या आतली चोरी अदखलपात्रात गेलीय, तेही ध्यानात ठेवा, नाहीतर ठाण्यावर चुकीचा आरोप कराल. पण आजचा मोबाईल पाच हजारांत कुठं येतो?

"अर्ज देऊन जा" याचं उत्तर प्रत्येक माणसाच्या हातात आहे, त्याला समिती लागत नाही. दखलपात्र गुन्ह्याची माहिती दिली की एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने ललिता कुमारी खटल्यात २०१३ सालीच सांगितलंय. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते कलम १७३ आहे. तीन ते सात वर्षांच्या आत शिक्षेच्या गुन्ह्यांत उपअधीक्षकांच्या परवानगीने प्राथमिक चौकशी करता येते, पण तिला १४ दिवसांची मुदत आहे. एफआयआरची प्रत फुकट मिळाली पाहिजे. ठाण्याने घेतलं नाही तर तीच तक्रार लेखी अधीक्षकांना पाठवायची, रजिस्टर पोस्टाने, आणि तिथंही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. तपास कुठवर आला हे ९० दिवसांत फिर्यादीला कळवायचं, असंही कलम १९३ मध्ये आहे. हे साध्या मराठीत एका पानावर छापून तुमच्या प्रभागातल्या किराणा दुकानांत आणि दवाखान्यांत लावा. आम्ही लावलं होतं. ठाण्यातल्या काहींना आवडलं नाही, पण ठाणे अंमलदार म्हणाले की लोक आता नेमकं काय हवंय ते सांगतात, आमचाही वेळ वाचतो.

कोठडीत मारहाण, बेकायदा अटक, पैशाची मागणी असं काही असेल तर ते शांतता समितीत काढूच नका. तिथं सगळे एकमेकांचे सोयरे, आणि तक्रार करणारा उघडा पडतो. पोलीस सुधारणांबाबतच्या प्रकाश सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये दिलेल्या निकालानंतर २०१४ मध्ये महाराष्ट्र पोलीस अधिनियमात दुरुस्ती होऊन राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण आलं, अध्यक्षपदी उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश. तक्रार तिकडे जाते. न्यायालयाने जिल्हा पातळीवरही प्राधिकरण सांगितलं होतं. आपल्या कायद्याने ते राज्य आणि विभाग पातळीवर ठेवलं. आपल्या गावातल्या मजुराला मुंबई-पुण्याचे हेलपाटे परवडत नाहीत, म्हणून हा फरक मला आजही खुपतो. नगरसेविका म्हणून अशा माणसाचा अर्ज नीट लिहून द्या, तारीख-वार, वैद्यकीय कागद जोडून. ही मोठी मदत आहे.

आणि कॅमेरे विसरू नका. परमवीर सिंग सैनी खटल्यात २ डिसेंबर २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक ठाण्यात, लॉकअपसकट, सीसीटीव्ही लावायला सांगितले आणि चित्रण १८ महिने, ते शक्य नसेल तर निदान एक वर्ष, जपायला सांगितलं. त्यावर जिल्हा पातळीची देखरेख समिती आहे, आणि तिच्यात विभागीय आयुक्त, जिल्हाधिकारी, अधीक्षक यांच्या जोडीला जिल्ह्यातल्या नगरपालिकेचा महापौर किंवा ग्रामीण भागात जिल्हा परिषदेचा प्रमुख असावा असं निकालात आहे. म्हणजे लोकांनी निवडून दिलेल्या माणसाला देखरेखीत खुर्ची आहे. आपल्या जिल्ह्यात ती समिती केव्हा बसली, तिच्यात लोकप्रतिनिधी कोण, हे माहिती अधिकारात विचारा. तुमचा ठराव खरं तर इथं उपयोगी पडेल.

आता ज्याची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ते. चोऱ्या वाढल्या की पोरं काठ्या-शिट्ट्या घेऊन गस्त घालायला लागतात. आमच्याही पोरांनी सुरू केली. हेतू चांगला. एका रात्री त्यांनी स्टँडकडून येणाऱ्या एका पारधी तरुणाला धरलं आणि विजेच्या खांबाला बांधून ठेवलं. पिशवीत दोन कपडे आणि लेकरासाठी घेतलेला बिस्किटाचा पुडा. तो सांगत होता की ऊसतोडीवरून घरी चाललोय, पण ऐकतंय कोण. तेच हवालदार आले. त्यांनी आधी दोर सोडला, मग त्याच्या शर्टाच्या खिशातून एसटीचं तिकीट काढलं आणि पोरांच्या तोंडासमोर धरलं. तासाभरापूर्वीचं तिकीट होतं. मोटारसायकलवर बसवून त्यांनी त्याला वस्तीवर पोहोचवलं. दुसऱ्या दिवशी आम्ही चौघं वस्तीवर माफी मागायला गेलो. त्याची आई आमच्याशी एक शब्द बोलली नाही.

सोलापूरच्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला लागू नये. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने सुरुवात करून पारध्यांसारख्या अख्ख्या जमाती गुन्हेगार ठरवल्या, सोलापुरात त्यांना तारेच्या कुंपणात ठेवलं, आणि त्या भागाला आजही आपण 'सेटलमेंट'च म्हणतो. कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला. कुठं चोरी झाली की आधी त्यांच्याच वस्तीवर जायची सवय मात्र गेली नाही, ठाण्याची नाही आणि आपलीही नाही.

म्हणून गस्त घालायची तर नावं ठाण्यात लिहून, सोबत एक पोलीस घेऊन, कुणाच्या अंगाला हात न लावता. संशय आला तर ११२ ला फोन. डोळ्यांदेखत गंभीर गुन्हा करणाऱ्याला सामान्य माणूस पकडू शकतो, पण सहा तासांच्या आत पोलिसांच्या ताब्यात द्यावंच लागतं. बांधणं, मारणं हा आपणच केलेला गुन्हा. आणि समितीत पारधी वस्तीतलं एक माणूस घ्याच. भाजी विकणारी बाई, हमाल, रात्री उशिरापर्यंत उघडा असणारा मेडिकलवाला, एसटीचा वाहक हेही घ्या. गावात रात्री काय चालतं ते यांना माहीत असतं, आम्हा नेहमीच्या मंडळींना नाही. बैठक बाजाराच्या दिवशी ठेवू नका, नाहीतर यातलं कुणी येणार नाही.

पोलीस लोकांत मिसळून काय करू शकतात, हे आपल्या जिल्ह्यात २०२१ मध्ये दिसलंय. तेजस्वी सातपुते ग्रामीणच्या अधीक्षक असताना मुळेगाव तांड्यासारख्या हातभट्टीच्या ठिकाणी 'ऑपरेशन परिवर्तन' झालं. धाडी होत्याच, पण एकेका अधिकाऱ्याने एकेक गाव दत्तक घेऊन, घरोघर बसून, दारू सोडली तर पोटाचं काय, हा प्रश्न अंगावर घेतला. माझं मत असं, की अशी कामं साहेब बदलले की मंदावतात, म्हणून त्यांची नोंद गावाकडेही हवी.

ठाण्याचीही बाजू समजून घ्या. आषाढीला आमच्या ठाण्यातले निम्मे लोक पंढरपूरच्या बंदोबस्ताला जायचे, आणि मागे राहिलेल्यांनी शहर आणि भोवतालची गावं सांभाळायची. त्या पंधरवड्यात आकडे मागत बसू नका. त्याआधीच महिनाभर दिवे दुरुस्त करून ठेवा.

पुढच्या सभेपर्यंत तुम्ही एवढंच करा: विद्युत विभागातून तुमच्या प्रभागातल्या बंद खांबांचे नंबर घ्या आणि बीट हवालदारांना भेटून चोऱ्यांच्या ठिकाणांशी जुळवून बघा. मग पत्राचा मसुदा इथं टाका, नावं आणि मोबाईल नंबर काढून. शब्द मी बघून देतो.