डिस्चार्जनंतरची वही

प्रिय मुली,

नवरा पक्षाघातातून वाचून घरी आला म्हणून भेटायला येणारा जो तो तुला "नशीबवान आहेस" म्हणत असेल, आणि ते ऐकून तुला रडू फुटत असेल. रडून घे. सकाळी हिंडता-फिरता असलेल्या माणसाचा हात संध्याकाळी उचलत नाही, हे मन एवढ्यात कसं मानेल? "निदान जीव तरी वाचला" हे वाक्य तुला पटेल तेव्हा पटेल. कुणी म्हणतंय म्हणून कृतज्ञ होता येत नाही. कृतज्ञता कुठून येते ते सांगतेच, पण आधी हातातलं काम.

त्याचा लुळा हात धरून त्याला कधीही ओढू नकोस. खांद्याचे स्नायू सैल पडलेले असतात, हाताच्या नुसत्या वजनानेही सांधा खाली सरकतो. मदतीला आलेले लोक घाईत बगलेत हात घालून उचलतात, मग खांदा महिनोन्‌महिने ठणकतो आणि व्यायाम बंद पडतो. उठवताना त्याला खुर्चीच्या कडेला सरकव, पावलं जमिनीवर नीट टेकव, अशक्त बाजूला तू उभी राहा. आधी पुढे झुकायला सांग, मग कमरेला आधार दे. बसलेला असताना तो हात लोंबकळू नये, खाली उशी हवी. हे फिजिओथेरपिस्टसमोर स्वतः करून घे, नुसतं बघून अंगवळणी पडत नाही.

खायला घालताना त्याला अगदी ताठ बसव आणि खाणं झाल्यावरही अर्धा तास आडवं होऊ देऊ नकोस. घास लहान, आणि पहिला गिळल्यावरच दुसरा. अशक्त बाजूच्या गालात अन्न साठून राहतं, त्याला ते कळतही नाही, म्हणून शेवटी तोंड बघ. घट्ट पदार्थापेक्षा पाणी जास्त धोक्याचं, कारण ते घशात पटकन उतरतं आणि गिळण्याची क्रिया मागे पडते. ठसका लागला नाही म्हणून निर्धास्त राहू नकोस, काहींना ठसका न लागताच अन्न श्वासनलिकेत जातं. गिळल्यावर आवाज ओलसर, घरघरता झाला तर भरवणं थांबव आणि डॉक्टरांना सांग. छातीत होणारा संसर्ग बहुतेकदा इथूनच सुरू होतो.

त्याला शब्द सापडत नसतील तर प्रश्न असा विचार की "हो" किंवा "नाही" म्हणून भागेल. मग मनात दहापर्यंत मोज. वाक्य तू पूर्ण करू नकोस. त्याची बुद्धी बहुतेकदा शाबूत असते, शब्दांची वाट अडलेली असते, आणि चिडतो तो त्या अडण्यावर. कारण नसताना एकदम रडला किंवा हसला तर तेही मेंदूच्या इजेमुळे होऊ शकतं, तुझं काही चुकलं म्हणून नव्हे.

आता वही. रक्तदाब आणि गोळ्यांच्या वेळा लिहितेस त्याच वहीत रोज शेवटी एक ओळ लिही. "आजचा दिवस बरा गेला" असलं लिहू नकोस, त्यातून हाती काही लागत नाही. "शर्टाचं तिसरं बटण स्वतः लावलं, 4 मिनिटं लागली" असं लिही. सुधारणा पहिल्या 3 महिन्यांत सर्वांत वेगाने होते, पुढे ती इतकी हळू चालते की रोज जवळ असलेल्याला दिसत नाही. तेव्हा मागची पानं उलट. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅककलो या मानसशास्त्रज्ञांनी 2003 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांपैकी एकात मज्जातंतू आणि स्नायूंचे आजार असलेल्यांनी 21 दिवस रोज, ज्याबद्दल कृतज्ञ वाटतं अशा गोष्टींच्या नोंदी केल्या. त्यांचं मन अधिक प्रसन्न राहिलं आणि झोपही सुधारली. ज्या दिवशी काहीच सुचणार नाही, त्या दिवशी ओळ कोरी ठेव. मात्र त्याच्या वाईट दिवशी ही वही त्याला वाचून दाखवू नकोस, टोमण्यासारखं लागतं.

"काही लागलं तर सांग" म्हणणाऱ्याला नेमकं सांग: "बुधवारी 4 ते 6 त्याच्याजवळ बसाल?" आभार मानतानाही तसंच नेमकं बोल, "तुम्ही बसलात म्हणून मी दोन तास झोपले." असं ऐकलेला माणूस पुन्हा येतो, हे मी खात्रीने सांगते. मला विचारशील तर कृतज्ञता इथे खऱ्या अर्थाने कामाला येते.

दोन आठवडे सलग तुझी भूक, झोप गेली असेल, कशातच मन लागत नसेल, तर डॉक्टरांकडे तूही जा. पक्षाघात झालेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश लोकांना नैराश्य येतं. सांभाळणाऱ्यांनाही ते गाठतं, फक्त त्यांना कुणी विचारत नाही.

वहीच्या पहिल्या पानावर रुग्णवाहिकेचा नंबर, सगळ्या गोळ्यांची नावं आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, हे ठळक लिही. बरं वाटतंय म्हणून ती गोळी परस्पर बंद करू नका. तोंड वाकडं झालं, हात खाली पडला किंवा जीभ जड झाली, तर तो शेवटचा ठणठणीत कधी दिसला होता ती वेळ टिपून लगेच निघ. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि डॉक्टर पहिला प्रश्न त्या वेळेचाच विचारतात.

आज रात्री कुणाला तरी त्याच्याजवळ बसव आणि तू दुसऱ्या खोलीत जाऊन झोप.

तुझी,
ताई