भाषेचा प्रकल्प: मुलांनी लिहिलेलं वाचणार कोण?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तिसरी-चौथी एकत्र, पट तेवीस. भाषेचा प्रकल्प म्हणून तुम्ही तक्ते आणि पुठ्ठ्याची मॉडेलं सांगता, ती घरून सुबक होऊन येतात, पण वर्गात "मनाने चार ओळी लिहा" म्हटलं की मुलं पेन्सिलीला टोक करत बसतात. फळ्यावरचं उतरवून घेतात, स्वतःचं काही लिहीत नाहीत. मी जिल्हा परिषदेच्या शाळांत २७ वर्षं शिकवलं, त्यातली बरीचशी जळगाव जिल्ह्यात, द्विशिक्षकी शाळेत. तुमचा वर्ग मला डोळ्यांपुढे दिसतो आहे.

सुरुवातीची सात-आठ वर्षं मीही हेच करून घेत होते. एका वर्षी 'पाळीव प्राणी' हा प्रकल्प दिला. एकोणीस वह्या आल्या आणि एकोणीसही वह्यांत दुकानात मिळणाऱ्या त्याच तक्त्यातली गाय, तोच कुत्रा, तेच मांजर कापून चिकटवलेलं. खाली नावं. वर्गात एक मुलगा होता, रोज शाळा सुटली की बकऱ्या चारायला जायचा. कुठली बकरी बाभळीच्या शेंगांसाठी अडून बसते, कुठली दूध काढताना लाथ मारते, हे तो मधल्या सुट्टीत रंगवून सांगायचा. त्याच्या वहीत 'बकरी' एवढाच शब्द होता, तोही मोठ्या बहिणीच्या अक्षरात. त्या वहीवर मी 'छान' असा शेरा दिला होता. तो शेरा मला पुढे फार लागला.

मुलाला कुणाला तरी काहीतरी सांगायचं असतं तेव्हाच ते लिहितं. वहीतला निबंध बाई तपासण्यासाठी वाचतात, काय लिहिलंय ते कळावं म्हणून वाचत नाहीत, हे मुलांना पहिल्या आठवड्यातच समजतं. म्हणून उपक्रम ठरवताना आधी एकच प्रश्न विचारा: हे लिहून झाल्यावर वाचणार कोण? उत्तर 'बाई' किंवा 'तपासणीला येणारे साहेब' एवढंच असेल, तर तो उपक्रम सोडून द्या.

तुमच्या वर्गात सगळ्यात आधी पत्रं सुरू करा. खरी पत्रं, पोस्टाच्या कार्डावर, पेटीत टाकायची. मी पहिल्यांदा केलं तेव्हा पन्नास पैशांची वीस कार्डं दहा रुपयांत आली होती. आधी पाठकोऱ्या कागदावर कच्चं लिहायचं, मग कार्डावर पक्कं. कार्डावर जागा थोडी, त्यामुळे काय ठेवायचं आणि काय गाळायचं हे मुलांनाच ठरवावं लागतं. संपादन म्हणजे काय हे यापेक्षा सोप्या रीतीने मला कधी शिकवता आलं नाही.

आमच्या गावातून बरीच माणसं कामासाठी सुरतेला जातात. चौथीतल्या एका मुलीचे वडील तिकडेच होते. तिने कार्डावर पाचच ओळी लिहिल्या, त्याही भल्यामोठ्या अक्षरांत. मी म्हटलं, अगं, बारीक लिही, अजून जागा आहे. ती म्हणाली, "बाई, पप्पांना जोडाक्षरं लवकर येत नाहीत. मी सोपेच शब्द घेतले." तिने 'प्रकृती' खोडून 'तब्येत' केलं होतं, त्यातही तिला जोडाक्षर दिसलं म्हणून तेही खोडून लिहिलं होतं, "बरे आहात का?" खाली बातमी होती, "बकरीला दोन पिलं झाली. एक कायं, एक कबरं." वाचणारा कोण आहे हे ओळखून शब्द निवडणं पाठ्यपुस्तकाच्या मागच्या स्वाध्यायातून येत नाही. ते त्या मुलीने पप्पांसाठी स्वतः शोधून काढलं.

पत्त्यातून दोन तास सहज निघतात. चौथीतल्या मुलांनाही स्वतःचा पत्ता लिहिता येत नसतो. 'मु. पो.' म्हणजे मुक्काम पोस्ट, 'ता.' म्हणजे तालुका, इथपासून सांगावं लागतं. मग पिन कोड. आपला ४ ने सुरू होतो, सुरतेचा ३ ने, असं का? पहिला आकडा विभागाचा, शेवटचे तीन पोस्टाचे. एकट्या आपल्या जिल्ह्यात पिंप्री नावाची किती गावं आहेत ते मुलांना मोजायला लावा, म्हणजे या आकड्यांची गरज का पडली ते त्यांचं त्यांनाच कळेल. ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ला सुरू झाली आणि ती बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे आपले मराठी माणूस, सरकारी नोकरी करता करता संस्कृतात काव्य-नाटकं लिहिणारे. मुलांना हे ऐकून फार आनंद होतो. सहा आकडे एका कवीच्या डोक्यातून आले, असं एका मुलाने दुसऱ्या दिवशी परिपाठात सांगितलं होतं.

आता 'कायं' या शब्दाकडे येते, कारण तुम्ही लिहिलंय की मुलं घरी अहिराणी बोलतात आणि लिहिताना "चुका करतात". ताई, शाळेला 'शाया' आणि डोळ्याला 'डोया' म्हणणारं मूल चुकत नाही. त्याच्या घरी, गल्लीत, शेतात ळ च्या जागी य च आहे. त्याने कानाला ऐकू आलं ते इमानाने लिहिलं. मी तिथे लाल पेन लावत नाही. कार्ड घरच्या माणसाला असेल तर तो शब्द तसाच राहू देते. तेच मूल जेव्हा पोस्टमास्तरांना किंवा ग्रामपंचायतीला पत्र लिहितं तेव्हा मी म्हणते, "ते पुस्तकातली भाषा वाचतात, तिथे 'काळं' कसं लिहायचं बघू." घरचा शब्द आणि कागदावरचा शब्द दोन्ही आपलेच, कुठला कुठे वापरायचा ते कळायला हवं. एकदा ही भीती गेली की चार ओळींच्या चौदा ओळी होतात, हे मी दरवर्षी पाहिलं आहे. काही मुलांना दिवाळीपर्यंत वेळ लागतो, काहींना पुढचं वर्ष लागतं.

यातूनच आमच्या वर्गाचा शब्दकोश झाला. हा प्रकल्प मी शेवटची दहा वर्षं दरवर्षी केला आणि एकदाही कंटाळा आला नाही. पाठकोरे कागद अर्धे कापायचे. एका कागदावर एक शब्द, त्याचं चित्र, त्याचा अर्थ, एक वाक्य, आणि खाली तो शब्द कुणाकडून मिळाला त्याचं नाव. आंडोर म्हणजे मुलगा, आंडेर म्हणजे मुलगी, धल्ला म्हणजे म्हातारा, वावर म्हणजे शेत. मुलं घरी आजी-आजोबांना शब्द विचारतात, आणि एरवी शाळेच्या फाटकाबाहेर उभी राहणारी म्हातारी माणसं आत येऊन शब्द सांगू लागतात.

एकदा 'दादर' शब्दावरून वर्गात मोठा वाद झाला. अर्ध्या वर्गाचं म्हणणं, दादर म्हणजे ज्वारी, रब्बीत पेरतात ती. एक मुलगा मुंबईला मामाकडे जाऊन आला होता, तो म्हणे दादर म्हणजे स्टेशन. तिसरीतली एक मुलगी हळूच म्हणाली की आमची आजी माडीवर जायच्या लाकडी जिन्याला दादर म्हणते. मी काही बोलले नाही. दहा मिनिटांनी त्यांनीच तोडगा काढला: एकच कागद, त्यावर १, २, ३ असे तीन अर्थ आणि तीन चित्रं. मग मी कपाटातला मोठा शब्दकोश काढून उघडून दाखवला. एका शब्दाखाली तसेच आकडे! "बाई, यांनी पण आपल्यासारखंच केलंय." पुढे कागद जमून पन्नासच्या वर गेले आणि हवा तो शब्द सापडेना, तेव्हा ते क्रमाने लावायची कल्पना पुढे आली. मुळाक्षरांचा क्रम पाठ कशासाठी करायचा हे चौथीच्या मुलांना त्या दिवशी पहिल्यांदा पटलं. शेवटी पुठ्ठ्याची बांधणी, दाभण आणि जाड दोरा. शिलाई एका मुलाच्या आजोबांनी शिकवली, खळ घरी केलेली.

तिसरीतल्या ज्या मुलांना अजून नीट लिहिता येत नाही, त्यांना यातून बाहेर ठेवू नका. ती बोलतील, चौथीतली मुलं लिहून घेतील. फक्त एक अट सांगा: सांगणाऱ्याचा शब्द बदलायचा नाही. मुलांना मी बहिणाबाईंचं उदाहरण सांगत असे. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, घरात काम करताना त्या ओव्या रचायच्या आणि घरातली माणसं त्या उतरवून घ्यायची. कुणी लिहून घेतल्या नसत्या तर १९५१ साली त्या गेल्या तेव्हा त्यांच्याबरोबर कितीतरी गेलं असतं. आपल्या जिल्ह्यातल्या मुलांना आसोदं ठाऊक असतं, भरताच्या वांग्यांमुळे तरी असतंच. गावात लिहून घेणाऱ्याचं काम किती मोठं आहे, हे त्यांना लगेच समजतं.

रोजची बातमी हा दुसरा सोपा प्रकार. फळ्याच्या कोपऱ्यात चार ओळींची चौकट आखा. रोज एका मुलाची पाळी, काल खरंच घडलेलं लिहायचं. 'विहिरीवरची मोटार जळाली', 'आमच्याकडे कळण्याची भाकरी होती', 'रात्री लाइट नव्हती म्हणून सगळे ओट्यावर झोपलो'. शनिवारी त्या कागदावर उतरवून भिंतीवर लावायच्या. हे नवं काही नाही. साने गुरुजी अमळनेरला १९२४ ते १९३० या काळात शिक्षक होते, तिथल्या वसतिगृहातल्या मुलांसाठी ते 'छात्रालय' नावाचं दैनिक स्वतःच्या हाताने लिहून काढायचे. दैनिक, ताई! आपण आठवड्याला एक पान काढू शकतो. भित्तिपत्रक वर्गाच्या आत लावू नका, पालक मुलांना घ्यायला येतात तिथे, व्हरांड्यात लावा.

भाद्रपद पौर्णिमेला गुलाबाई (आपल्याकडचा मुलींचा भोंडल्यासारखा सण) बसली की कोजागरीपर्यंत मुली रोज संध्याकाळी गाणी म्हणतात आणि डब्यातला खाऊ ओळखायला लावतात. तो खेळ जसाच्या तसा वर्गात आणा. डब्यात एक वस्तू ठेवा, वर्गाने प्रश्न विचारायचे, उत्तर फक्त हो किंवा नाही. पहिल्या दिवशी सगळे थेट नावं घेतात: पेढा? शेंगदाणे? दोन-तीन दिवसांत प्रश्न बदलतात: गोड आहे का, चावावं लागतं का, शेतात पिकतं का. प्रश्न विचारायला शिकवणारा इतका चांगला पाठ मला पुस्तकात सापडला नाही. ज्या मुलीला खाऊ ओळखता येत नाही, तिने दुसऱ्या दिवशी घरून डबा आणायचा, असा आमचा नियम होता. डब्यात काय आणायचं ते ती रात्रभर आईशी ठरवायची.

उच्चारांसाठी फार साहित्य लागत नाही. 'चार' म्हणा आणि मग 'चारा' म्हणा. अक्षर एक, उच्चार दोन. असे शब्द मुलांना दोन ढिगांत लावू द्या, ज चेही करा. नाट्यीकरण, बाहुल्या वगैरे जमलं तर करा, पण पोशाखांत आठवडा घालवू नका.

एक गोष्ट मात्र रोज हवी: पंधरा मिनिटं तुम्ही मोठ्याने वाचायचं. प्रश्न नाहीत, तात्पर्य नाही, नुसतं वाचायचं. ज्या मुलांच्या कानावर पुस्तकाची भाषा पडतच नाही, ती मुलं ती लिहिणार कुठून? पुस्तकं कमी पडत असतील तर बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे १९७१पासूनचे जुने अंक बालभारतीने फुकट वाचायला उपलब्ध करून दिलेत. मोबाइलवर वाचता येतात, शाळेत प्रोजेक्टर असेल तर चित्रंही मोठी दाखवता येतात. प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर' या संकेतस्थळावरही मराठी गोष्टी आहेत, त्या छापून घ्यायलाही परवानगी आहे.

नोंदींची काळजी तुम्ही लिहिली आहे. हे सगळं आकारिक मूल्यमापनात, म्हणजे वर्षभर वर्गातच चालणाऱ्या मूल्यमापनात, प्रकल्प, उपक्रम आणि तोंडी काम या तिन्हींत बसतं. प्रत्येक मुलाचा कच्चा कागद तारीख टाकून फाइलला लावा, जूनचा एक, ऑक्टोबरचा एक, फेब्रुवारीचा एक. वर्णनात्मक नोंद त्या तीन कागदांकडे बघूनच लिहा. आमच्याकडे एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी भिंतीवर तक्ते नाहीत म्हणून नाराजी दाखवली. मी फाइल पुढे केली. ते त्या बकरीवाल्या मुलाच्या पानापाशी थांबले, वाचलं आणि त्याला बोलावून विचारलं, "लाथ कुठली मारते रे?" तो मुलगा दहा मिनिटं बोलत होता.

आणखी एक, कार्डं आणायला जाल तेव्हा आधी चौकशी करा. छोट्या पोस्टात पंचवीस कार्डं एका वेळी असतीलच असं नाही, मी दोनदा परत आले आहे. पोस्टमनदादांना आधी सांगून ठेवा की शाळेची पत्रं येणार आहेत. आमचे दादा तर मुलांना वर्गाच्या दारात नाव पुकारून कार्ड द्यायचे. पहिलं कार्ड मुलाने स्वतःच्याच घरी पाठवायचं, म्हणजे पत्ता बरोबर लिहिला की नाही ते चार दिवसांत त्याचं त्यालाच कळतं.