वाचकांचे प्रश्न : कांदा शेतकऱ्याचा, मग विकायचा कुठे हे सरकार का ठरवतं?

प्रश्न (एक वाचक ताई, डोंबिवली) : तुम्ही शेतकऱ्याच्या स्वातंत्र्याबद्दल नेहमी लिहिता, पण कांदा महागला की आमच्यासारख्यांनी काय करायचं? सरकारने निर्यात थांबवली तर त्यात वावगं काय? आणि आता तर निर्यात शुल्कही काढलंय, मग तक्रार कशाची?

उत्तर : ताई, घरखर्चाची तुमची काळजी खरी आहे, ती मी उडवून लावणार नाही. पण बंदी आली की नेमकं काय होतं ते बघा. 7 डिसेंबर 2023 ला केंद्राने अधिसूचना काढली आणि दुसऱ्या दिवसापासून निर्यात बंद. डिसेंबरात बाजारात येतो तो खरिपाचा लाल कांदा, त्यात पाणी जास्त, तो कांदाचाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या शेडमध्ये, टिकत नाही. उन्हाळी कांदा चार-पाच महिने ठेवता येतो, पण हा काढला की थोड्या दिवसांत विकावाच लागतो, म्हणजे शेतकरी थांबू म्हणाला तरी त्याला थांबता येत नाही आणि नेमकं त्याच वेळी सरकारने त्याचं परदेशातलं गिऱ्हाईक तोडलं, मग भाव पडणार नाही तर काय होणार? पडलाच. नाशिक जिल्ह्यात लिलाव बंद पडले, चांदवडला मुंबई-आग्रा हायवे अडवला. रोपं, खत, मजुरी, गाडीभाडं, सगळं आधीच खर्चून बसलेली ही माणसं.

गरिबाला स्वस्त कांदा द्यायचाय ना, जरूर द्या. सरकारने बाजारभावाने विकत घ्यावा आणि रेशनवर कमी दरात विकावा, फरक तिजोरीतून भरावा. तो खर्च मग तुम्ही, मी, सगळे मिळून उचलू. निर्यातबंदीत तो एकट्या कांदेवाल्याच्या खिशातून जातो आणि कुठल्याही बजेटमध्ये दिसत नाही, मला सगळ्यात जास्त राग याचाच येतो.

शुल्क 1 एप्रिल 2025 पासून गेलं हे बरोबर. पण आधी 40 टक्के, मग पूर्ण बंदी, मे 2024 मध्ये बंदी उठवून परत 40 टक्के आणि वर किमान निर्यात मूल्य (म्हणजे ज्याच्या खाली परदेशात विकताच येत नाही असा दर), मग 20 टक्के, मग शून्य, असं सगळं दोन वर्षांच्या आत झालं. 2020 मध्ये तर कांदा जीवनावश्यक वस्तूंच्या नियंत्रणातून मोकळा करायचं बिल लोकसभेत 15 सप्टेंबरला मंजूर झालं आणि निर्यातबंदी आली त्याच्या आदल्याच दिवशी, 14 तारखेला! कारण निर्यातीचा कायदा वेगळा, 1992 चा, त्यात अधिसूचना काढली की काम झालं. तो अधिकार आजही जसाच्या तसा आहे, म्हणून तक्रार.

प्रश्न (एक तरुण शेतकरी, येवला तालुका) : मग आपण कोर्टात का जात नाही? मालमत्तेचा हक्क मूलभूत नाही का?

उत्तर : दादा, आता नाही. 1978 च्या 44 व्या घटनादुरुस्तीने तो मूलभूत हक्कांतून काढला, आता कलम 300 अ मध्ये साधा घटनात्मक हक्क म्हणून उरलाय. त्याआधी 1951 च्या पहिल्याच दुरुस्तीने घटनेला नववं परिशिष्ट, म्हणजे कायद्यांची एक यादी, जोडली, त्यात टाकलेला कायदा मूलभूत हक्कांच्या विरोधात जातो म्हणून कोर्टाला रद्द करता येत नाही. आपला महाराष्ट्राचा 1961 चा शेतजमीन कमाल धारणा कायदा, म्हणजे सिलिंग, कोणी जास्तीत जास्त किती शेतजमीन ठेवायची याची मर्यादा, त्यातच बसलाय. सुप्रीम कोर्टाने 2007 मध्ये सांगितलं की 24 एप्रिल 1973 नंतर परिशिष्टात घातलेले कायदे तपासता येतील, पण सिलिंगचा मूळ कायदा त्याच्या आधीच परिशिष्टात गेलाय, त्यामुळे त्याला हात लावायला या निकालाचा उपयोग नाही.

आणि ही गोष्ट कोणी फारशी बोलत नाही, शहरातली जमीन धारणेची मर्यादा महाराष्ट्राने 2007 मध्येच उठवली. बिल्डरला मोकळीक मिळाली ते योग्यच झालं, माझा त्याला विरोध नाही. पण कोरडवाहू शेतकऱ्याला 54 एकरांची मर्यादा अजून आहेच. एवढी जमीन आज किती जणांकडे आहे, असं लोक मला विचारतात. अहो, पण चार भावांनी मिळून कंपनी काढून मोठी शेती करायची म्हटली, बाहेरचं भांडवल आणायचं म्हटलं, तर वाट इथेच अडते.

शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी चाकणच्या कांद्यापासून आंदोलन उभं केलं तेव्हा मागणी सूट-सबसिडीची नव्हती, घामाच्या दामाची होती. तुमच्या गावात मत मागायला जो येईल त्याला कर्जमाफीचं विचारायच्या आधी विचारा की सिलिंग कधी काढणार आणि निर्यातबंदी संसदेला विचारल्याशिवाय लावता येणार नाही असा कायदा करणार का. गावातल्या चारचौघांसमोर विचारा, आणि उत्तर लिहून घ्या.