वाचकांचे प्रश्न : जुन्या ट्यूबलाईटच्या पट्टीची दुरुस्ती

प्रश्न : वडिलांच्या ड्रॉइंगच्या टेबलावर दोन फुटी दोन ट्यूबांची जुनी लोखंडी पट्टी आहे. आत चोक एकच असून स्टार्टर दोन आहेत. ट्यूबा आणि दोन्ही स्टार्टर नवे बसवले, तरी ट्यूबांची टोकेसुद्धा लाल होत नाहीत. चोक गेला असावा, पण त्या मापाचा चोक आता मिळत नाही. पट्टी मोडीत काढावी का?

उत्तर : मुळीच काढू नये. आपण दिलेल्या वर्णनावरून चोकपेक्षा नव्या स्टार्टरचाच संशय अधिक येतो, म्हणून आधी त्यांच्यावर बारीक अक्षरांत छापलेला मजकूर वाचावा. आपल्या पट्टीत दोन्ही ट्यूबा एकाच चोकवर सिरीजमध्ये, म्हणजे एकीमागे एक जोडलेल्या आहेत. त्यामुळे २३० व्होल्टचा पुरवठा दोन स्टार्टरमध्ये विभागला जातो आणि प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे ११५ व्होल्टच येतात. नेहमीच्या चार फुटी ट्यूबचा स्टार्टर, ज्यावर बहुधा ‘४ ते ६५ वॅट’ असे छापलेले असते, तो एकट्या ट्यूबसाठी बनवलेला असतो. पेटलेल्या चार फुटी ट्यूबवर साधारण १०० व्होल्ट असतात आणि तेवढ्यावर तो पुन्हा चालू होऊ नये, अशी त्याची रचना असते. साहजिकच ११५ व्होल्टवर त्याच्या काचेच्या कुपीतला वायू उजळत नाही, आतली द्विधातूची पट्टी तापून वाकत नाही, विजेचे मंडल पूर्ण होत नाही आणि ट्यूबची टोके थंडच राहतात. आपल्याला ‘४ ते २२ वॅट’ असे छापलेले, सिरीज जोडणीचे स्टार्टर हवेत. बाहेरून दोन्ही प्रकार अगदी सारखे दिसतात आणि एकाच खोबणीत बसतात, त्यामुळे ही चूक अनुभवी माणसाकडूनही होते. उलट चूक झाली, म्हणजे सिरीजचा स्टार्टर चार फुटी ट्यूबला लावला, तर ट्यूब पेटूनही पुन्हा पुन्हा मिचमिचत राहते.

तरीही चोकची खात्री करायची असेल, तर मेन स्विच बंद करून, चोकची एक वायर सोडवून मीटरने त्याचा रोध मोजावा. चांगल्या चोकच्या दोन टोकांमध्ये काही दशक ओहम दिसतात. मीटर अनंत दाखवत असेल तर आतली तार तुटलेली आहे. चोकचे टोक आणि त्याचे लोखंडी कवच यांच्यात मात्र काहीच वाहता कामा नये. चोक खरोखर गेला असेल, तरी त्याच कंपनीचा आणि त्याच लांबीचा शोधत बसण्याचे कारण नाही. पाहायचे ते व्होल्ट, वॅट आणि अँपिअरचे आकडे. २३० व्होल्टवर चालणारा, सुमारे ०.४३ अँपिअरचा ३६/४० वॅटचा चोक दोन फुटी दोन ट्यूबांना सिरीजमध्ये चालतो, आणि अनेक चोकवर तशी जोडणी छापलेलीही असते. भोके जुळत नसतील तर नवी पाडावीत, पण चोक पत्र्याला सपाट टेकलाच पाहिजे, कारण त्याची उष्णता पत्र्यातूनच बाहेर जाते.

पट्टी उघडलीच आहे, तर वायरी बोटांनी हलकेच वाकवून पाहाव्यात. जुन्या रबरी वायरीचे वेष्टण चोकच्या उष्णतेने कडक होते आणि वाकवताच त्याचे तुकडे पडतात. अशी एक वायर सापडली तरी सगळ्याच बदलाव्यात आणि पत्र्याला अर्थिंग नक्की जोडावे. आत चपटा किंवा गोल धातूचा कपॅसिटर असेल आणि त्यातून तेलकट द्रव झिरपत असेल, तर त्याला उघड्या हाताने शिवू नये. १९८० च्या आधीच्या अनेक कपॅसिटरमध्ये पीसीबी नावाचे विषारी तेल असे. तो कपॅसिटर हातमोजे घालून काढावा, बंद पिशवीत ठेवावा आणि घातक कचरा घेणाऱ्यांकडेच द्यावा. त्याच्याविनाही ट्यूब पेटते, फक्त पुरवठ्यातून जास्त करंट ओढला जातो.

प्रश्न : आमच्या चार फुटी पट्टीत स्टार्टरच नाही. जाड ४० वॅटची ट्यूब गेली म्हणून बारीक ३६ वॅटची लावली, तर ती नुसती फडफडते.

उत्तर : ट्यूब खराब नाही, जोडी जुळलेली नाही. आपली पट्टी स्टार्टरविना पेटणाऱ्या जातीची आहे. तिच्यातला ट्रान्सफॉर्मर ट्यूबची टोके सतत गरम ठेवतो आणि जवळच्या अर्थ केलेल्या पत्र्याच्या मदतीने ट्यूब पेटते. २६ मिलिमीटर व्यासाच्या ३६ वॅट ट्यूबमध्ये क्रिप्टॉन वायू असतो. ती पेटवायला जास्त जोर लागतो आणि तो हा ट्रान्सफॉर्मर देऊ शकत नाही. हीच ट्यूब चोक आणि स्टार्टरच्या जुन्या ४० वॅट पट्टीत मात्र बिनतक्रार चालते, कारण दोन्ही ट्यूबांचा करंट जवळजवळ सारखाच आहे. तेव्हा ट्रान्सफॉर्मर काढून त्या जागी ३६ वॅटच्या एका ट्यूबचा इलेक्ट्रॉनिक चोक बसवावा. जोडणी जुन्या वायरीच्या रंगांवरून न करता नव्या चोकवरच्या आकृतीप्रमाणे करावी. होल्डरचे प्लॅस्टिक पिवळे पडून तडकले असेल, तर तेही बदलावेत. दोन पिनांमधले १३ मिलिमीटरचे अंतर जाड आणि बारीक, दोन्ही ट्यूबांना सारखेच असते.

प्रश्न : या सगळ्या खटाटोपापेक्षा एलईडी ट्यूब लावलेली बरी नाही का?

उत्तर : रोजच्या उजेडापुरती पट्टी हवी असेल, तर होय. पाऱ्याविषयीच्या मिनामाता करारातील देशांनी २०२३ मध्ये ठरवल्यानुसार पारा असलेल्या या ट्यूबांचे उत्पादन आणि आयात-निर्यात २०२७ अखेरपर्यंत थांबायची आहे, म्हणजे यापुढे ट्यूबाच दुर्मीळ होतील. मात्र काही एलईडी ट्यूबांना वीज एकाच टोकाला द्यावी लागते, तर काहींना दोन्ही टोकांना. जोडणी बदललीत तर पट्टीच्या आतल्या बाजूस तसे ठळक लिहून चिकटवावे, कारण पुढे कोणी अजाणतेपणी त्याच होल्डरमध्ये साधी किंवा वेगळ्या जोडणीची ट्यूब बसवली, तर शॉर्टसर्किट होऊ शकते.